वीणा खाली ठेवू नका

सप्ताहात रात्री दोनच्या सुमाराला देवळात जाऊन बसलात तर एक गोष्ट दिसेल. मंडपात ताडपत्रीवर चार-दोन म्हातारी माणसं घोंगडी पांघरून निजलेली असतात. आचाऱ्याची चूल विझत आलेली असते. देवापुढे समईच्या उजेडात एक माणूस गळ्यात वीणा घालून उभा असतो. त्याचा पहारा संपत आला की पुढचा पहारेकरी तोंडावर पाणी मारून येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सात दिवस आणि सात रात्री ती जमिनीला टेकत नाही.

उंब्रजच्या परिसरात, कृष्णेच्या आणि तारळीच्या काठच्या गावांत, वर्षातून एकदा तरी असा सप्ताह होतो. खरं सांगायचं तर पुष्कळ गावांत त्यावरून भांडणही होतं. काल्याच्या कीर्तनाला कोणते महाराज आणायचे, नारळ कोणाच्या हातून फुटणार, वर्गणीतले उरलेले पैसे कुठे गेले, पालखी खालच्या आळीतून का गेली नाही. सोसायटीच्या निवडणुकीत फुटलेलं गाव देवळातही फुटतं. मग एकाच मारुतीपुढे दोन मंडप आणि दोन भोंगे. असं गाव मी पाहिलं आहे. त्या आठवड्यात तिथल्या बायकांना कोणत्या पंगतीला जावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्हीकडे जाणं टाळलं. सप्ताहासाठी आलेल्या माहेरवाशिणी घरातच बसून परत गेल्या.

हा लेख अशा गावांसाठी आहे, भजनी मंडळांसाठी, दिंड्यांसाठी आणि देवस्थानच्या विश्वस्तांसाठी. मशिदीच्या जमातीला, चर्चच्या मंडळीला किंवा जैन संघालाही यातलं बरंच लागू पडेल, कारण भांडणं बहुतेक मान, पैसा आणि वारसा यांवरूनच होतात, मग देव कोणताही असो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. भांडण मिटेपर्यंत सेवा थांबवू नका, आणि सेवा सुरळीत दिसावी म्हणून भांडण दाबूही नका. दोन्हींना आपापली जागा द्या.

पहाऱ्याची यादी

एका वर्षी सप्ताहाची पहाऱ्याची यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. गावातले दोन कारभारी तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या हिशेबावरून बिनसलं होतं आणि दोघांच्याही पाठीशी माणसं होती. मी शहाणपणा करून दोघांना लांबलांबचे पहारे दिले, एकाला दुपारचा, एकाला पहाटेचा. आमच्या मंडळातले सगळ्यांत जुने विणेकरी, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी यादी वाचली, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि दोघांची नावं एकाखाली एक लिहिली. बारा ते दोन पहिला, दोन ते चार दुसरा.

"आबा, हे दोघं एकमेकाचं तोंड बघत नाहीत," मी म्हणालो.

"नसू दे बघत. वीणा घ्यायची तर वाकावं लागतंय."

पहिल्या रात्री दोघं वाकले. एकमेकांकडे न बघता, पण वाकले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही तसंच. चौथ्या रात्री दोनच्या पहाऱ्याचा माणूस वेळेवर आला नाही. पहिल्याने कोणाला हाक मारली नाही, अर्धा तास जास्त उभा राहिला. दुसरा धापा टाकत आला तेव्हा त्याच्या गळ्यात वीणा घालता घालता पहिल्याने विचारलं, "ताप हाय का?" तीन वर्षांत दोघांत झालेलं ते पहिलं बोलणं. हिशेबाचा वाद यामुळे मिटला नाही. तो मिटायला पुढचा पाडवा उजाडला आणि त्यासाठी वह्याच उघडाव्या लागल्या. पण त्या वर्षी गावात दुसरा मंडप पडला नाही.

भांडणाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवणं हा आपल्या सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा उपाय. त्याने तेवढ्यापुरती शांतता मिळते, आणि अंतर कायमचं होतं. त्यापेक्षा जिथे फारसं बोलावं लागत नाही, पण एकमेकांच्या हाताला हात लावावा लागतो, अशी कामं त्यांना जोडीने द्या. पंगतीत एकाकडे भाताची परात, दुसऱ्याकडे आमटीची बादली. पालखीला पुढचा खांदा एकाचा, मागचा दुसऱ्याचा. मंडपाचं सामान आणायला एकाच टेम्पोत दोघं. समोरासमोर बसवून "आता हात मिळवा" असं म्हणू नका. तसे मिळवलेले हात देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंतही टिकत नाहीत.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दोघांत मारहाण झाली असेल, पोलिसांत तक्रार असेल किंवा एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल, तर अशी जोडी लावू नका. भ्यालेल्या माणसाला त्याच्या भीतीशेजारी उभं करणं हा अन्याय आहे.

भक्तांतही भांडणं होतात

भांडण झालं की पहिल्यांदा लाज वाटते. माळकऱ्यांच्या गावात भांडण? देवाच्या दारात? या लाजेपोटी आपण ते लपवतो आणि लपवलेलं आतल्या आत कुजत जातं. म्हणून चाफळची गोष्ट सांगतो.

उंब्रजच्या मठातला मारुती समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक. चुना, वाळू आणि ताग यांची ही मूर्ती, परंपरेने शके १५७१ ची सांगतात. जवळच मसूर, माजगाव, शिंगणवाडी इथलेही त्या अकरांतलेच. महामार्ग सोडून चाफळच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासाच्या आत समर्थांनी उभारलेलं राममंदिर येतं. समर्थ संप्रदायाचं हे मूळ घर. माघ वद्य नवमी शके १६०३, म्हणजे १६८२ च्या जानेवारीत, समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत तोच चाफळच्या कारभारावरून शिष्यांमध्ये वाद उभा राहिला. एका बाजूला चाफळचा कारभार पाहणारे दिवाकर गोसावी, दुसऱ्या बाजूला टाकळीच्या मठाचे उद्धव गोसावी, समर्थांच्या अगदी सुरुवातीच्या शिष्यांपैकी. वाद इतका वाढला की छत्रपती संभाजी महाराजांना आपल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून त्यात लक्ष घालावं लागलं. औरंगजेब दख्खनेत उतरला होता, सिद्दीशी लढाई चालू होती, आणि अशा धामधुमीत राजाला एका मठातला तंटा पाहावा लागला. समर्थांनी हयातीत जी व्यवस्था लावून दिली तीच चालावी आणि चाफळचा उत्सव दिवाकर गोसाव्यांच्या हातून व्हावा, असा त्या आज्ञेचा आशय.

हे सांगताना मला कोणाला कमी लेखायचं नाही. दोघंही समर्थांच्या हाताखाली तयार झालेले होते. वैराग्याचे धडे घेतलेल्या माणसांतही गुरू गेल्यावर असं होऊ शकतं, तर आपल्या मंडळात झालं म्हणून कोणी नास्तिक ठरत नाही. वाद कशाच्या आधारावर सुटला तेही पाहा. आधी काय ठरलं होतं, या एका प्रश्नावर. कोणाची भक्ती मोठी, हे कोणी ताडून पाहिलं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. नारळाचा वाद असतो आणि बोलणं सुरू होतं "तू माळ घालून मटण खातोस" इथून.

म्हणून पहिलं काम कागदाचं. पूजा कोणाकडे, किल्ली कोणाकडे, नारळाचा मान कोणत्या घराचा आणि तो मोठ्या मुलाकडे जातो की घराघरांत फिरतो, पालखीचा रस्ता कोणता, पाऊस आला तर कोणता, गुरवांचं काय आणि किती, हे सगळं लिहून काढा. पालीच्या खंडोबाच्या पौषातल्या यात्रेला लाखो माणसं येतात आणि खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. इतक्या गर्दीत, भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात ते पार पडतं, कारण कोणता मानकरी कुठे उभा राहणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. आपल्या गावची रीत मात्र बहुतेक वेळा दोन-तीन म्हाताऱ्यांच्या डोक्यात असते. ते आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, वही घ्या. त्यांच्या आठवणी एकमेकांशी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा आणि ग्रामसभेत वाचा. भांडण नसताना केलेलं हे काम दोन संध्याकाळींत होतं. भांडण पेटल्यावर तेच काम कोर्टात वीस वर्षं चालतं.

याच संप्रदायाची आणखी एक गोष्ट. चाफळ-सज्जनगडचा व्याप सांभाळणाऱ्यांत अक्कास्वामी होत्या आणि मिरजेचा मठ वेणाबाईंकडे होता. सतराव्या शतकात बायका मठ चालवत होत्या. आज आपल्या देवस्थान समितीत बाई असलीच तर हळदीकुंकवापुरती. तंटा मिटवायला पाच माणसं बसवाल तेव्हा त्यांत दोन बायका बसवा. कोणत्या घरात कोण कोणाशी अजून बोलतं, कोणाच्या घरची साखर कोणाकडे जाते, हे त्यांना माहीत असतं. दुवा तिथूनच निघतो.

तक्रारीचा टाळ

तक्रार कशी ऐकावी हे मला वारीत कळलं. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला तळावर विसावते. संध्याकाळी समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच करून "हो" असा पुकारा करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. त्यांची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. चोपदार त्यांच्याकडे चालत जातात, तक्रार ऐकून घेतात, तिचं निवारण करतात आणि मगच ते टाळ थांबतात. काय हरवलं, काय सापडलं, तेही तिथेच पुकारलं जातं. आरती त्यानंतर.

मला या रीतीचं फार मोल वाटतं. तक्रार करणाऱ्याला बाहेर काढलेलं नाही, तो वर्तुळातच उभा आहे आणि त्याच्या हातात टाळच आहे. तक्रारही भजनाच्याच साधनाने करायची. ती ऐकल्याशिवाय देवाची आरती सुरू होत नाही. लाखभर माणसं दमून, भुकेली उभी आहेत, सगळे आपल्यासाठी खोळंबले आहेत, याची जाणीव असल्यामुळे कोणी फुटकळ गोष्टीसाठी टाळ वाजवत राहत नाही. निवाडा करणारा तक्रारदाराला समोर बोलावत नाही, स्वतः त्याच्याकडे जातो. आणि मुख्य म्हणजे हे रोज होतं. आजचा राग उद्याच्या मुक्कामापर्यंत ओझं होऊन चालत नाही.

आपल्या गावात रोज शक्य नाही, पण एकादशीला शक्य आहे. महिन्यातल्या एका एकादशीला भजन संपल्यावर, आरतीच्या आधी, पंधरा-वीस मिनिटं राखून ठेवा. ज्याला काही म्हणायचं आहे त्याने तिथे म्हणावं. पारावर, चहाच्या टपरीवर किंवा मोबाईलच्या ग्रुपवर म्हटलेलं विचारात घेतलं जाणार नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवा. तक्रार वहीत उतरवा, म्हणणाऱ्याला वाचून दाखवा, पुढच्या एकादशीपर्यंत उत्तर द्या. उत्तर "नाही" असेल तरी द्या. माणूस नकारापेक्षा दुर्लक्षाने जास्त तुटतो.

ऐकणारा कोण असावा? दोन्ही भावक्यांबाहेरचा, देवळाची किल्ली किंवा पावतीपुस्तक हातात नसलेला आणि येत्या निवडणुकीला उभा न राहणारा. गावात असा माणूस सापडत नसेल तर शेजारच्या गावचा विणेकरी किंवा निवृत्त शिक्षक बोलवा. त्याने आधी दोघांना वेगवेगळं ऐकावं. "चूक कोणाची" हा प्रश्न शेवटपर्यंत विचारू नये. "त्या दिवशी काय झालं" एवढंच विचारावं, आणि मग "काय केलं म्हणजे तुम्ही पुढच्या सप्ताहाला याल" हे. या दुसऱ्या प्रश्नाला लोक फार लहान उत्तरं देतात असा माझा अनुभव आहे. पत्रिकेत वडिलांचं नाव छापा. मला भर पंगतीतून उठवलं, त्याबद्दल दोन शब्द बोला. तीन वर्षांचा राग आणि मागणी एवढीच.

आणि खुद्द तंटामुक्तीची चळवळ आपल्याच मातीतली. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गृहखातं तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांकडे होतं. तुमच्या गावची समिती आज कागदावरच उरली असेल, पण तिची चौकट वापरता येते. समितीपुढे झालेली तडजोड लेखी असते, साक्षीदारांसह असते.

वेगळं व्हावंच लागलं तर

काही वेळा एकत्र राहणं जमत नाही, हे मान्य करायला हवं. ओढूनताणून एका मंडपात बसवलेली माणसं मंडपच जाळतात. तेव्हा आरफळच्या हैबतबाबांची आठवण ठेवा. आरफळ आपल्या सातारा तालुक्यातलंच. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ पासून ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र घेऊन पालखी सोहळा सुरू केला. पुढे देहूकर वंशजांत मानावरून तंटे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी माउलींची पालखी आळंदीहून वेगळी काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू असा लवाजमा दिला. आज ज्या शिस्तीने माउलींचा सोहळा चालतो तिची घडी हैबतबाबांची.

वेगळेपणाची रीतही शिकण्यासारखी आहे. देव बदलला नाही, पंढरी बदलली नाही, एकादशीची तिथी बदलली नाही. दोन्ही पालख्या आजही एकाच दिवशी पुण्यात येतात, तिथे मुक्काम करतात, मग एक सासवड-जेजुरी-फलटणच्या वाटेने आणि दुसरी बारामती-इंदापूरच्या वाटेने जाते, आणि पंढरपूरच्या उंबरठ्यावर वाखरीला दोन्ही पोहोचतात. देहूवाल्याने माउलींना हात जोडायचे नाहीत असं कधी झालं नाही. हैबतबाबांनी आपल्यासाठी जागा मागितली ती आळंदीच्या महाद्वाराच्या पायरीत. लोक ती पायरी ओलांडून आत जातात.

तुमचं मंडळ फुटणारच असेल तर वेगळं होण्याच्या दिवशीच तीन गोष्टी लेखी ठरवा. वर्षातला कोणता दिवस एकत्र करायचा, भांडी, सतरंज्या, पखवाज, स्पीकर यांची वाटणी कशी, आणि दोन्हीकडे कोणीही गेलं तरी त्याला विचारायचं नाही. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची. बायकामुलांना या बाजूचं की त्या बाजूचं असं ठरवायला लावू नका.

वहीचा प्रश्न

पैशाच्या वादावर कीर्तन हा उपाय नाही. हिशेब हाच उपाय. सप्ताह संपल्यावर आठ दिवसांत जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावा, पावती क्रमांकासह, अगदी शिल्लक गुळाच्या ढेपेसकट. अकरा रुपये देणाऱ्याचं नाव अकरा हजारवाल्याच्या यादीतच असू द्या.

देवस्थान नोंदणीकृत असेल तर कायदाही माहीत असावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर ९० दिवसांत त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. आपल्याकडे हा अर्ज वर्षानुवर्षं देत नाहीत. नोंदीत मेलेल्या माणसांची नावं राहतात आणि मग कोण खरा विश्वस्त यावरूनच तंटा उभा राहतो. देवळाची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा गाळा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायचा तरीही लागते. हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती व्यवस्थेसाठी योजना तयार करून मागू शकतात. हे दरवाजे आहेत, गरज पडल्यास जरूर वापरा. कोर्टात जाणाऱ्याला धर्मद्रोही म्हणू नका. फक्त काळाचा अंदाज ठेवा. पंढरपूरच्या मंदिराचा कायदा १९७३ साली झाला आणि बडवे-उत्पात या तिथल्या पुजाऱ्यांच्या हक्कांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०१४ मध्ये आला. मधल्या काळात काकडा रोज झाला, हे महत्त्वाचं.

कोणाच्या खर्चाने ऐक्य?

इथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण ऐक्याच्या नावावर पुष्कळ पाप खपवलं जातं. देवस्थानच्या पैशाचा अपहार झाला, एखाद्या मुलीशी कोणी गैर वागलं, एखाद्या वस्तीला पालखीला खांदा देऊ दिला नाही, आणि मोठी माणसं म्हणाली, "जाऊ द्या, संप्रदायाचं नाव खराब होईल." अशा वेळी गप्प बसवणाऱ्यानेच संप्रदाय फोडलेला असतो. पहिल्या दोन प्रकारांत तडजोडीची बैठक लावू नका. पोलीस ठाणं आहे, तिथे जा, आणि तक्रार करणाऱ्याबरोबर देवस्थानचा एक माणूस जाऊ द्या.

तिसऱ्या प्रकारासाठी साने गुरुजी आठवा. विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्यांना बंद होतं. गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून माणसांना समजावलं, गावोगावची देवळं उघडायला लावली. तेवढ्याने पंढरपूरचं दार उघडेना तेव्हा १ मे १९४७ पासून चंद्रभागेच्या वाळवंटाजवळ तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. दहा दिवसांनी दार उघडलं. त्यांना धर्म बुडवणारा म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. गुरुजींनी विठोबा सोडला नाही, विठोबाच्याच दारात बसले. मठ देणारे तनपुरे महाराज स्वतः वारकरी होते, ही गोष्ट मला विशेष वाटते. न्याय मागणाऱ्याला बसायला आपल्यातल्याच कोणीतरी जागा द्यावी लागते. तुमच्या गावात असा कोणी उभा राहिला तर त्याला जागा देणारे तुम्ही व्हा.

बाहेरून ठिणगी आली तर

वाद कधी कधी आपल्या अंगणातला नसतोच. २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुरावरून दंगल पेटली आणि एक तरुण जिवानिशी गेला. ते गाव इथून लांब नाही. बाजाराला जाणं-येणं असलेली माणसं आहेत ती. अशा रात्री प्रार्थनास्थळातल्या जाणत्या माणसांवर मोठी जबाबदारी येते. काय करायचं ते आधी ठरलेलं असलं पाहिजे. दोन्ही समाजांतल्या पाच-पाच माणसांचे फोन नंबर एकमेकांकडे असावेत. मजकूर पुढे पाठवायचा नाही, तो खरा का खोटा हे विचारायलाही पाठवायचा नाही. मुलांना देवळात बोलवा आणि भजनाला बसवा, अक्षरशः बसवा, पहाटेपर्यंत. भोंगा बंद ठेवा. पोलिसांना गर्दी जमण्याआधी कळवा.

अशा वेळी धीर देणारी गावंही जवळच आहेत. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, १९८० पासून सलग. कडेगावात मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. तिथे माणसं काही वेगळी नाहीत. वर्षातून एकदा एकमेकांचं ओझं खांद्यावर घ्यायची त्यांना सवय आहे, एवढंच.

बोलावणं

आता सर्वांत अवघड काम, रुसलेल्याला बोलावण्याचं. सप्ताहाच्या आधी पंधरा दिवस निघा. पत्रिका मोबाईलवर पाठवू नका, पोराच्या हाती धाडू नका. दोघांनी जा, त्यातला एक त्यांच्या भावकीतला असू द्या. संध्याकाळी दिवेलागणीनंतर जा, माणूस रानातून येऊन हातपाय धुऊन बसलेला असतो. आधी त्याच्या आईची, वडिलांची चौकशी करा. चहा आला तर नको म्हणू नका. मागचं उकरून काढू नका आणि तो उकरू लागला तर अडवू नका, ऐकून घ्या, घड्याळाकडे न बघता. तो म्हणेल, "मला बोलावता आणि नारळ त्याच्या हातात देता." त्याला उत्तर देऊ नका, तुम्हाला तिथल्या तिथे निकाल द्यायचा नाही.

मग कोरी यादी पुढे ठेवा आणि म्हणा, "रात्री दोनच्या पहाऱ्याला माणूस नाही." मान आणि सत्कार यापैकी काही देऊ करू नका, काम मागा. दोन ते चार हा पहारा कोणालाच नको असतो, झोप मोडते आणि थंडी असते. त्याने लगेच होकार दिला नाही तरी त्याच्या देखत त्याचं नाव पेन्सिलीने लिहा आणि यादी तिथेच ठेवून उठा. चपला घालताना त्याच्या बायकोला एवढं सांगा की त्या रात्री अडीचला चहा देवळातच होईल, घरून पाठवायला नको.